पहिल्या कॅसेटची ओळ

"पहिली कॅसेट?" मी विचारलं.

"'वल्हव रं वल्हव'. अठ्ठ्याऐंशी."

"ती दुसरी, बाई."

"मग तूच सांग की! गायली मी, आन मोजतोस तू."

चांगुणाबाई मढवींनी पानाची पिंक अंगणात टाकली आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी घराची पाटी चोरायला आलोय. सकाळचे नऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला स्मरणिका मशीनवर चढवायची होती. सगळी पानं तयार होती, फक्त पान सात कोरं होतं. त्या पानाचं नाव होतं ‘चांगुणा मढवी यांचा ध्वनिप्रवास’, आणि तो प्रवास गेला आठवडाभर पहिल्या स्टेशनातूनच सुटत नव्हता.

मी जयवंत प्रधान. पेणला माझा छापखाना. बाईंच्या दुसऱ्या कॅसेटपासून शेवटच्या सीडीपर्यंत प्रत्येक कव्हर मी केलेलं. चोवीस वर्षं या बाईनं माझं डोकं खाल्लं, आणि ते कमी पडलं म्हणून सत्कार समितीनं यादीचं काम माझ्याच गळ्यात घातलं. "तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?" असं म्हणाले. गोड बोलून माणसाला बुडवायचं असतं तेव्हा असंच म्हणतात.

"बरं," मी म्हणालो, "पहिलीकडं मग येऊ. पुढचं सांगा."

"'डोंगराची आई', नव्वद."

ते कव्हर मला पक्कं आठवत होतं. हिरवा चुडा, मळवट, हात जोडलेले, मागे डोंगर. रिक्षावाल्यांनी ते कापून काचेवर चिकटवलं होतं. आणि दोन वर्षांत बाई सोनेरी जॅकेट घालून माझ्यासमोर उभ्या: "आता डिस्को." मी म्हणालो होतो, अहो, एकाच रिक्षात मागच्या काचेवर तुम्ही देवीपुढं हात जोडलेल्या आणि पुढच्या आरशाशी तुम्ही कमरेवर हात ठेवलेल्या, गिऱ्हाइकानं नमस्कार कुणाला करायचा? त्यावर म्हणाल्या, "परधान, तू चित्रं काढ. अक्कल नको काढू."

ती डिस्कोची कॅसेट, 'खाडीची राणी', धो धो चालली. तशाच आणखी दोन काढल्या असत्या तर बाईंचं घर दुमजली झालं असतं. पण नाही. पंच्याण्णवला व्हायोलिनं आली. 'भरतीचं पानी'. पांढरी साडी, सावकाश गाणी, एकेका ओळीत तीन उसासे. ज्यांनी डिस्कोवर नाचून चपला तोडल्या होत्या त्यांनी ती कॅसेट हातातसुद्धा घेतली नाही. मी चिडून विचारलं, असं का करता? चालत्या गाडीतून उडी का मारता? तर म्हणाल्या, "दुसऱ्या चार पोरी तसंच गायला लागल्या. त्यांना गाऊ दे की." मला वाटलं, माज आहे.

"मग 'वरातीचा धुरळा'," बाई म्हणाल्या. "नव्व्याण्णव."

"त्याचं नाव काढू नका."

"का रं?"

"का? चार हजार कव्हरं छापली होती मी! त्यावर लिहिलं होतं ‘अस्सल धवल्यांसह’. कंपनीनं सांगितलं होतं, सुरुवातीला लग्नविधीतल्या धवल्याच्या फक्त चार ओळी आणि मग ढोल. आणि तुम्ही स्टुडिओतून उठून चालत्या झालात. चार ओळींसाठी! कॅसेट निघाली धवल्याशिवाय, आणि ती चार हजार कव्हरं अजून माझ्याकडं आहेत. त्यांच्या मागच्या बाजूवर मी अजून हिशेब करतो."

बाई हसल्या नाहीत. एरवी माझ्या वैतागावर त्या पोट धरून हसायच्या. त्यांनी फक्त आत बघितलं. आतल्या पडवीत त्यांची आई, नागूबाई, पाय पसरून भिजवलेले वाल सोलत बसली होती. म्हातारी ऐंशीच्या पुढं. चोवीस वर्षांत तिच्या तोंडून मी ‘ये’ आणि ‘चा घे’ याच्यापलीकडं काही ऐकलं नव्हतं. साल एका सुपात, डाळ दुसऱ्यात. चिमटीचा आवाज तेवढा टिचटिच येत होता.

"मग नॉनस्टॉप, मग रिमिक्स," बाई घाईनं म्हणाल्या, "आन मग पुण्याच्या पोरांबरोबर गिटारवालं. 'मिठागर'. झाली यादी. ऊठ."

तेवढ्यात माझा फोन वाजला. पुंडलिक गावंड, समितीचे चिटणीस. याच खारकोंड गावचे. पेणला शाळा चालवतात आणि माणसांनाही वर्गातल्यासारखंच बोलतात.

"प्रधान, कमान उभी राहिली. ‘पंचवीस वर्षं, एक आवाज’. अक्षरं हातभर उंच आहेत. तुमची यादी अठ्ठ्याऐंशीपासून सुरू झाली तर चोवीस भरतात. मी पाहुण्यांना काय सांगू? एक वर्ष उंदरांनी खाल्लं?"

"बाई पहिली कॅसेट सांगत नाहीत."

"सांगत नाहीत म्हणजे? 'लग्नाचे धवले'! सत्याऐंशीचा वैशाख. माझ्या लग्नात वाजली होती ती, मी काय सांगतोय!"

मी फोन ठेवला. "'लग्नाचे धवले'," मी म्हणालो. "पुंडलिकरावांच्या लग्नात वाजली होती."

बाईंचा चेहरा दगड झाला. "पुंडलिकाला इचार, लग्नात जेवायला काय हुतं. तेवढंच आठवत असंल त्याला."

"बाई, आता आठवलं. ‘वल्हव’च्या वेळी कंपनीच्या चिठ्ठीवर होतं की, ‘लग्नाचे धवले’च्या घवघवीत यशानंतर. मी ती ओळ आर्टवर्कवर लावली होती. तुम्ही माझ्या टेबलावरचं ब्लेड उचललंत आणि खरवडून काढलीत. मी नवखा होतो, गप्प बसलो. पण आज मला कारण सांगा. खराब झाली होती का? बेसूर होती?"

"नव्हती."

"मग?"

"मग काय नाय." त्या उठून उभ्या राहिल्या. आवाज खाली आणला, पण तो खालचा आवाज त्यांच्या डिस्कोपेक्षा जड होता. "परधान, नीट ऐक. ती वल छापलीस तर मी सत्काराला येनार नाय. कमानीखालून माझी खुर्ची मिरव, तिला हार घाल."

झालं. ओळ छापली तर गायिका नाही. नाही छापली तर पंचवीस वर्षं नाहीत. मोटरसायकलला किक मारताना मी मोठ्यानं काहीतरी बोललो. इथं लिहिण्यासारखं नव्हतं.

डोकं तापलं की माणूस नको तो उद्योग करतो. मी सरळ छापखान्यात जाऊन त्या पहिल्या कॅसेटला शून्य नंबर देऊ शकलो असतो, किंवा कमानीवरचं ‘पंचवीस’ पुसून ‘सुमारे’ लिहायला लावू शकलो असतो. पण मला आता ती कॅसेट हवी होती. तिचा कागद, तिचा नंबर, तिचा आवाज. पुरावा समोर ठेवला की बाई काय करतात ते बघायचं होतं. खरं सांगायचं तर मला एकदा तरी त्यांच्यावर मात करायची होती.

तीन गावं पलीकडं हसुराम मंडपवाला राहतो. खारपट्टीतलं एकही लग्न त्याच्या भोंग्यांशिवाय झालेलं नाही. त्याच्या गोदामात बांबू, कनाती, गंजलेले कर्णे, आणि कोपऱ्यात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कॅसेटी. त्यानं न शोधता हात घातला आणि ती काढली.

"हीच ना? हिच्या तीन घेतल्या हुत्या मी. दोन घासून संपल्या."

कव्हर दुसऱ्या कुणी केलेलं होतं, मुंबईच्या कुणा घाईतल्या माणसानं. मुंडावळ्या, कलश, आणि कोपऱ्यात विशीतल्या चांगुणाबाई, डोळे कॅमेऱ्याकडं नव्हे तर थोडे बाजूला, कुणी हाक मारेल या धास्तीत असल्यासारखे.

"एवढी चालायची?" मी विचारलं.

"चालायची म्हंजे? आमचं लगीन धवलारीन लावते, ठावं हाय ना? हलदीपासून पाठवनीपर्यंत तिचं गानं. ती गाते तसं लगीन पुढं सरकतं. पन धवलारीन आनायची म्हंजे तिची वेल सांभाला, तिच्या मागं सूर धरनाऱ्या चार बायका आना, तिचं लुगडं, तिचा मान. ही?" त्यानं कॅसेट हवेत नाचवली. "बटन दाबलं की गाते. रुसत नाय, दमत नाय, जेवत नाय. माझा धंदा हिनं उभा केला, परधान. परत आनून दे हां."

मी छापखान्यात गेलो, कोपऱ्यात धूळ खात पडलेला टू-इन-वन पुसला, सेल घातले, आणि दुपारी तीनला पुन्हा खारकोंडला पोचलो. खाडीचं पाणी उतरलं होतं. उघड्या चिखलावर खेकडे तिरके पळत होते आणि बगळे सरळ उभे होते. बांधावरून येताना मी मनातल्या मनात वाक्य घोळवत होतो: हा आवाज तुमचा नाही असं म्हणा, म्हणजे मी जातो.

बाई ओटीवर एकट्याच होत्या. पडवीतलं सूप तिथंच होतं, म्हातारी दिसत नव्हती. मी काही न बोलता यंत्र ठेवलं आणि बटन दाबलं.

आधी खरखर. मग सनई. आणि मग एक आवाज आला, कोवळा, कच्च्या कैरीच्या फोडीसारखा. मी बाईंचा आवाज इतकी वर्षं ऐकला, पण हा त्यांनी परत कधी काढलाच नव्हता.

*हलद पिवली गो, पाट मांडिला अंगनी*
*पाटावरी बसली गो, कोनाची लेक...*

"बंद कर," बाई म्हणाल्या.

"हा आवाज तुमचा..."

"बंद कर, परधान! पाया पडते तुझ्या."

चोवीस वर्षांत ही बाई कुणाच्या पाया पडल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी बटन दाबलं. गाणं मध्येच तुटलं. पण माझा वैताग तुटला नाही.

"एक कारण सांगा," मी म्हणालो. "एक. मी परका नाही. तुमच्या डिस्कोचं जॅकेट माझ्या बहिणीनं शिवलंय. का छापायचं नाही?"

बाई ओटीच्या कडेवर बसल्या. मागच्या दाराकडं एकदा बघितलं आणि भरभर, दबक्या आवाजात बोलायला लागल्या, जणू कुणी येण्याआधी संपवायचं आहे.

"आय माझी धवलारीन हुती. ठावं नव्हतं ना तुला? बारा गावांत तिच्याबिगर लगीन लागायचं नाय. मी तिच्या मागं धरायची, परकर घालत हुती तेव्हापासनं. मुंबईचा कंपनीवाला आला तो तिच्याकडं आला. आय म्हनाली, धवला मांडवात गायचा, डब्यात नाय. तो गेला. मी वीस वर्सांची. मी मावशीकडं जाते सांगून मुंबई गाठली. दोन दिवसांत तिचे सगले धवले गाऊन आली. तिचे, परधान. तिनं तिच्या सासूकडनं घेतलेले."

"तिला कळलं कसं?"

"कसं कलंल? मथीचं लगीन लागलं वैशाखात. शेजारची मथी, पांडुरंगाची लेक. आय नवं लुगडं नेसून, नारल घेऊन गेली. मांडवात पाय टाकला, आन वर भोंग्यात मी. पांडुकाका बिचारा हात जोडून म्हनला, आये, यंदा पोरांनी कॅसेट आनली, तू बस, जेवून जा." बाईंनी पदर तोंडाला लावला आणि काढला. "ती जेवली. घरी आली. लुगडं घडी करून पेटीत ठेवलं. मना शिवी दिली नाय, मारलं नाय. पन त्या दिसापासनं तिच्या तोंडातनं गानं आलं नाय. एक वल नाय."

खाडीकडून वारा आला.

"आन टोचनी बघ तिची! कुठं मांडव वाजला की मना इचारायची, ‘कोनाचं गो लगीन? लेक कोनाची?’ दरवेली. पंचवीस वर्सं. मना ठावं हाय ती का इचारते. तुझी कॅसेट आज कोनाच्या दारात माझ्या जागी बसलीय, तेच ना? म्हनून मी दुसरं गायली. होडीचं गायली, देवीचं गायली, जॅकेट घालून नाचली. कोनी म्हनलं धवला घाल, की मी उठली. कोना बाईच्या तोंडचं परत काढून घ्यायचं नाय, असं ठरवलं. आता तू उद्या ते छापनार, पुंडलिक स्टेजवर वाचनार, आन ती पयल्या रांगेत बसनार, माझी आय. सांग, येऊ मी?"

"अर्धा धवला सोडू नये."

आम्ही दोघेही दचकलो. नागूबाई मागच्या दारात उभी होती. हात वालाच्या सालांनी हिरवे-पांढरे. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"आय, तू..."

"पाटावर बसवलीस पोरीला, आन उठून जाशील? दोष लागतो मांडवाला. लाव रं, परधान."

मी बाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, होय म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. म्हातारी हळूहळू येऊन सुपाशी बसली. एक वाल उचलला. "लाव म्हनते ना? कानानं बहिरा हायस काय?"

मी टेप थोडी मागं घेऊन बटन दाबलं.

*हलद पिवली गो, पाट मांडिला अंगनी*
*पाटावरी बसली गो, कोनाची लेक बसली?*

आणि पुढं गाणं नव्हतं. पुढं बँजो होता. टुंगटुंग करत दोन ओळींची जागा भरून काढणारा, आगाऊ, पोकळ बँजो. बाई डोळे मिटून म्हणाल्या, "हितं नाव पायजे. नवरीचं, तिच्या बापाचं. कंपनीवाला म्हनला, नाव नको, कोनालाबी चालली पायजे..."

त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. कारण त्या बँजोच्या वरून, फाटक्या पण सुराच्या अगदी मधोमध बसलेल्या आवाजात, मान वर न करता, म्हातारी गात होती:

*पांडुरंगाची मथी गो, पांडुरंगाची लेक बसली.*

कॅसेटमधल्या पोरीनं पुढचं विचारलं: *कोनाच्या घरा गो, सून कोनाची जाईल?* बँजो वाजला. म्हातारीनं वालाची साल काढली आणि उत्तर दिलं:

*धाया भोईराच्या घरा गो, सून धायाची जाईल.*

एकीकडं विशीतली लेक प्रश्न विचारत होती, दुसरीकडं ऐंशीच्या पुढची आई उत्तर देत होती, आणि मध्ये तो बँजो उपऱ्या पाहुण्यासारखा धडपडत होता. कुठंही ठेच नाही. हे पहिल्यांदा होत नव्हतं. माझ्यासारख्या औरंगजेबालाही ते कळलं. गाणं संपलं, सनई वाजली, मी यंत्र बंद केलं.

"आय," चांगुणाबाई म्हणाल्या.

"काय आय? पाटावर पोरगी बसलीय, आन तू इचारतीस, कोनाची लेक. इचारलंस ते बरं केलंस. मग गप! मग बँजो! अगं, कोनीतरी उत्तर द्यायला नको? नाव घेतल्याबिगर लगीन लागतं काय?"

"तू कुठनं... कवा घेतलंस?"

"हितनं. ह्या ओटीवरनं. भोंगा काय तुझ्या बापाच्या कानात वाजायचा? तीन गावांचा ऐकू यायचा. मथी हलदीला बसली तवा मी जेवून आली हुती. हितं बसली. तू वर इचारलंस, मी खाली सांगितलं."

"सगल्यांचं?"

"मग? कोनाचं ठेवायचं आन कोनाचं सोडायचं? ज्याचं भोंग्यात लागलं त्याचं घेतलं."

मी बाईंकडं बघत होतो. काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर फार सावकाश उतरत होतं, ओहोटीत खडक उघडे पडतात तसं.

"म्हनून इचारायचीस?" त्या म्हणाल्या. "कोनाचं गो लगीन, लेक कोनाची..."

"ठावं असल्याबिगर कसं घेनार? मी काय देव हाय?" म्हातारी चिडली. "आन तू कवा धड सांगितलंस? इचारलं की तोंड वाकडं करून आत जायची. मना मग नांगऱ्याच्या सुनेकडं जावं लागायचं नाव आनायला, ह्या गुडघ्यांनी."

मला हसू आलं आणि ते मी दाबलं. बाईंना आलं नाही.

"राग नव्हता तुला?"

नागूबाईनं एक वाल बराच वेळ चिमटीत धरला. "हुता. लुगडं घडी केलं तवा हुता. तुझ्या तोंडावर तेच लुगडं फेकायचं हुतं. पन तवाच वर धवला लागला, आन उत्तर द्यायला कोन नव्हतं. आता पोरीचं लगीन बघू, का माझा राग?" साल सुपात टाकली. "मग राग धरायचा ऱ्हायलाच. बँजोचा मातर अजून हाय. धवल्यात बँजो कोनी घातला गो?"

"किती लग्नं झाली अशी?" मी न राहवून विचारलं.

"मोजू नये," म्हातारी म्हणाली. मग जरा अभिमानानं: "पुंडलिकाचं घेतलंय. त्याची बायको नाडसूरची, धर्माची लेक, यमी. तवा मना ताप हुता. आन बलीरामच्या पोरीच्या टायमाला लाईट गेली. धवला मधीच थांबला. दोन घंटे बसली मी हितं, लाईट येईस्तोवर. उठनार कशी? पोरगी पाटावर."

चांगुणाबाई ओटीवरून उठल्या. मला वाटलं आता रडतील, गळ्यात पडतील. मी आपला खाडीकडं बघायला लागलो. पण त्या आत गेल्या, सुपापाशी बसल्या आणि मूठभर वाल पुढं ओढून सोलायला लागल्या. त्यांना वाल सोलता येत नव्हते. डाळिंब्या मोडत होत्या. म्हातारीनं दोनदा त्यांच्या हातावर चापट मारली आणि तिसऱ्यांदा सोडून दिलं.

बऱ्याच वेळानं, माझ्याकडं पाठ ठेवूनच, बाई म्हणाल्या, "परधान, लिव."

मी पेन काढलं.

"एक. 'लग्नाचे धवले'. सत्याऐंशी. गायिका चांगुना मढवी."

"संगीत?"

"बँजोवाल्याचं नाव नको," म्हातारी म्हणाली.

"आजी, सगळ्यांच्या पुढं संगीतकार लिहिलाय, नियम आहे..."

"लिव त्याचं. बारीक लिव," बाई म्हणाल्या. "आन त्याच्याखाली लिव: नावं घेनारी, नागूबाई मढवी."

"हे कुठल्याच कॅसेटवर नसतं, बाई. गीत असतं, संगीत असतं, निवेदन असतं. ‘नावं घेणारी’ म्हणजे लोकांना काय कळणार?"

"ज्यांचं लगीन लागलंय त्यांना कलंल."

"माझं नाव कशाला?" म्हातारी सूप हलवत म्हणाली. "धवलारीन लिव. पुरे."

"दोन्ही लिव," चांगुणाबाई म्हणाल्या.

"एका ओळीत बसणार नाही. पान आधीच भरलंय, नऊ अल्बम, तुमचा फोटो, खाली प्रमुख पाहुण्यांचा फोटो..."

"मग दोन वली कर! कागद काय तुझ्या बापाचा?"

आणि मी उठून चपला घालत होतो तेव्हा आतून हाक आली, तीच जुनी, डोकं फिरवणारी: "आन परधान, ‘वल्हव’चं कव्हर छोटं करून टाकतोस ना पानात? त्यात माझा हात जाडा दिसतो. बारीक कर."

संध्याकाळी छापखान्यात पान सात लावायला बसलो. मजकूर तपासायला पुंडलिकरावांकडं पाठवला होता, तो वाचून त्यांचा फोन आला. ‘नावं घेणारी’ ही छपाईतली चूक आहे, काढा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, तुमच्या सौभाग्यवती माहेरच्या यमी ना, नाडसूरच्या धर्माजींच्या? त्यांनी, वर्गात नसल्यासारखं, विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "ठेवा."

आज या गोष्टीला चौदा वर्षं झाली. ती स्मरणिका कुणाकडं उरली असेल तर पान सात काढून बघा. त्या दोन ओळी घातल्यावर पान बरोबर एका ओळीनं उतू जात होतं. अक्षर लहान करवेना, अल्बम एकही गाळवेना. मग खालच्या फोटोत प्रमुख पाहुणे कमरेपर्यंत होते, हारासकट. मी त्यांना हाराच्या वर कापलं.